कळ कोणाच्या हातात?

श्रोतेहो, नमस्कार. जादू आणि यंत्र एकत्र नांदवणाऱ्या विज्ञान लघुकादंबरीवर आज बोलायचंय. पण आधी एक पेटी.

साल १८५६. गाव अल्जिअर्स, उत्तर आफ्रिकेतलं. फ्रेंच फौज तिथे होतीच, आता सरकारने जादूगार पाठवला, रोबेर-ऊदँ. मूळचा घड्याळजी. तिथले मराबूत, म्हणजे चमत्कार करणारे धर्मपुरुष, त्यांचा लोकांवरचा वचक मोडायचा, ही कामगिरी. त्याने रंगमंचावर कडीची एक छोटी पेटी ठेवली. एका धट्ट्याकट्ट्या गड्याला म्हणाला, उचल. गड्याने सहज उचलली, वर ‘एवढंच?’ असा चेहरा. आता तुझी ताकद काढून घेतो, पुन्हा उचल. गडी वाकला. पेटी हलेना. दोन्ही हात लावले, पाय रोवले, पेटी ढिम्म. हो, तीच पेटी! आणि एकदम तो किंचाळला, गुडघ्यांवर आला, उठला तो तोंड झाकून थेट बाहेर.

पेटीचा तळ लोखंडी. खाली विद्युतचुंबक, कळ दाबली की पेटी धरून ठेवणारा. शेवटचा झटकाही विजेचाच. हे त्यानेच आत्मचरित्रात लिहिलंय, तेव्हा तिखटमीठ असणारच. पुढाऱ्यांच्या आत्मचरित्रांपेक्षा कमी असेल, एवढंच.

विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांचा १९७३चा नियम तुम्ही ऐकलाच असेल, की फार पुढे गेलेलं तंत्रज्ञान जादूहून वेगळं ओळखता येत नाही. पण ओळखता येत नाही कोणाला? गड्याला. कळ दाबणाऱ्याला येतं की! म्हणून अशी गोष्ट वाचताना एकच बघा, कळ कोणाच्या हातात आहे. एकाला जो मंत्र वाटतो तो दुसऱ्याला पासवर्ड असतो. अक्षर चुकलं की दार दोघांनाही बंद. लेखकाला हे दोन्ही माहीत हवं. कळ कोणाच्या हातात, हे तर हवंच हवं.

विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारात लघुकादंबरी १७,५०० ते ४०,००० शब्दांची धरतात. तेवढ्यात एक पेटी छान मावते. सात राजघराणी नाही मावत, आणि ती आरंभी नकाशे छापलेली जाडजूड पुस्तकं मला तरी झोपेसाठीच उपयोगी पडली आहेत.

हां, पेटीचं राहिलंच. नंतर दुभाष्यांकरवी लोकांना सांगण्यात आलं, ही जादू नव्हे, नुसतं कसब. मी लिहायला बसलो तर तिथूनच सुरुवात करीन. दुभाष्या समजावतोय, आणि गडी आपल्या तळहाताकडे बघतोय.