आधी पैसे, मग कॉम्प्युटर

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईक आलं की मग म्हशीची धार काढतात. मागणीआधी दूध काढून ठेवायचं नाही, म्हणून ते नासायचीही धास्ती नाही. डेल या कॉम्प्युटर कंपनीचे संस्थापक मायकेल डेल यांनी आपला धंदा नेमका असाच केला.

1981 साली आयबीएमनं पीसी काढला तोच बाहेरून घेतलेल्या भागांचा. प्रोसेसर इंटेलचा, मशीन चालवणारी डॉस ही प्रणाली मायक्रोसॉफ्टची. म्हणजे भाग मिळाले की तसलंच मशीन दुसऱ्यालाही जोडता येणार. 1984 साली ऑस्टिनमध्ये, टेक्सास विद्यापीठात शिकणाऱ्या 19 वर्षांच्या डेलनी 1000 डॉलर भांडवलावर हेच सुरू केलं. डीलर वगळला, ऑर्डर थेट फोनवर घेतली आणि ऑर्डर आल्यावरच मशीन जोडलं. पुढं कंपनी वाढली तशी खरी कमाल दिसली: गिऱ्हाइकाचे पैसे लगेच जमा, भागवाल्यांचं बिल मात्र महिनाभरानं द्यायचं. धंदा दुसऱ्याच्या पैशावर फिरायचा.

चुका झाल्याच. 1989 साली मेमरी चिप भरमसाट भरून ठेवल्या. तेवढ्यात 256 किलोबिटची चिप मागं पडून 1 मेगाबिटची आली, भाव कोसळले आणि साठा तोट्यात विकावा लागला.

राजारामपुरीत पीसी जोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. कॅबिनेट, कीबोर्ड चार जादा असले तरी चालतात, त्यांचे दर फारसे हलत नाहीत. रॅम, एसएसडी, प्रोसेसर मात्र ऑर्डर हातात आल्यावरच उचला, आणि कोटेशनवर मुदत लिहा. डेलना महिन्याची उधारी मिळायची. लहान दुकानदाराला वितरक बहुधा रोखच मागतो. तेव्हा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलू नये.

2004 साली डेलनी मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडलं आणि जानेवारी 2007 मध्ये परत घेतलं. मधल्या काळात एचपी ही प्रतिस्पर्धी कंपनी पुढं गेली होती. कारण लॅपटॉप! तो हातात घेऊन, वजन बघून, बटणं दाबून घ्यायची वस्तू. फोनवर हे कसं जमणार? मधे काही वर्षं दुकानांतूनही विकून 1994 मध्ये ती विक्री बंद करणाऱ्या डेलनी 2007 मध्ये वॉलमार्टमध्ये मशीन ठेवली. माझ्या मते हा त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड निर्णय, कारण स्वतःचीच पद्धत मोडायची होती.

2013 साली सिल्व्हर लेक या गुंतवणूक कंपनीच्या साथीनं त्यांनी कंपनी शेअर बाजारातून काढून घेतली. 2016 मध्ये डेटा साठवणुकीची यंत्रं बनवणारी ईएमसी विकत घेतली आणि डिसेंबर 2018 मध्ये शेअर पुन्हा बाजारात आणला. ईएमसीची यंत्रं बँका, मोठ्या कंपन्या घेतात. तिथं फोनवर ऑर्डर नसते, महिनोन्‌महिने बोलणी चालतात.