वाटी घरची आणा

(सांगलीत ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मागच्या पावसाळ्यात मिरजेहून एक काकू आहाराचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आल्या होत्या. फाइलमध्ये सहा महिन्यांचे रिपोर्ट तारखेवार लावलेले होते, आणि तरीही पहिली वीस मिनिटे आम्ही दोघी एकाच प्रश्नावर अडून बसलो : एक वाटी भात म्हणजे किती? दुपारी आपण एकच वाटी भात खातो, असे त्या ठामपणे सांगत होत्या. माझ्या टेबलावरची वाटी 150 मिलिलिटरची. ती त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "अहो मॅडम, ही तर चटणीची वाटी." पुढच्या खेपेला त्यांनी घरची आमटीची वाटी पिशवीत घालून आणली. तिच्यात मी पाणी मोजून ओतले, तर 310 मिलिलिटर मावले. शिवाय भात काठापर्यंत नव्हे, तर शीग लावून वाढला जात होता. काकूंनी खोटे काहीच सांगितले नव्हते.

आहारतज्ज्ञाकडे वेळ घेण्यापूर्वी काय करावे, असे मला विचारले जाते, तेव्हा मी म्हणूनच रिपोर्टच्या आधी स्वयंपाकघराचे नाव घेते. भेटीची वेळ ठरली की तीन दिवसांचे खाणे लिहून काढावे : दोन रोजचे दिवस आणि एक रविवार किंवा उपवासाचा दिवस. चतुर्थीच्या साबुदाण्याच्या खिचडीवर, संध्याकाळी गप्पा मारताना मूठमूठ संपलेल्या भडंगावर आणि चहाच्या प्रत्येक कपातल्या साखरेवर माझे लक्ष अधिक असते, कारण जेवणाचे ताट माणूस नीट आठवून सांगतो, पण दोन जेवणांच्या मधले त्याला खाणे वाटतच नाही. तासगावकडच्या एका बागायतदारांनी "गोड सोडले" असे शपथेवर सांगितले होते, आणि सदऱ्याच्या खिशात बेदाणे होते! बेदाण्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, आणि गुळाबद्दल तर आपल्या ऊसपट्ट्यात बोलणेही धाडसाचे. तरी सांगते की मधुमेह्याच्या रक्तात गूळ साखरेइतकाच बोलतो. या गोष्टी खाऊ नका असे मी येथे म्हणत नाही. त्या लिहा, एवढेच.

तेलाचा हिशेब घरबसल्या करता येतो. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोजचे सुमारे 30 ग्रॅम झाले. ही संख्या आहारतज्ज्ञाला कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडते.

आता कोणाकडे जावे याविषयी. आपल्याकडे दोन-तीन आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग करूनही लोक स्वतःला न्यूट्रिशनिस्ट म्हणवून घेतात, म्हणून शिक्षण विचारण्यात संकोच करू नये. अन्न व पोषणशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण आहे का, रुग्णालयातला अनुभव आहे का, इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन मिळणारी 'रजिस्टर्ड डाएटिशियन' ही नोंदणी आहे का, हे फोनवरच विचारता येते. केंद्राच्या 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने आहारतज्ज्ञांनाही आपल्या कक्षेत घेतले आहे. जिथे पहिल्याच भेटीत पावडरचा डबा हातात दिला जातो आणि महिन्यात दहा किलो उतरवण्याची हमी मिळते, तिथून मी माझ्या नात्यातल्या माणसाला उठवून आणीन.

औषधांची यादी मात्र सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच घरी राहते. गोळ्यांची नावे आठवत नसतील, तर पाकिटेच पिशवीत घालून आणावीत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना एकदम भाकरी-भात निम्म्यावर आणला, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. म्हणजे आहार बदलताना औषध देणाऱ्या डॉक्टरांनाही ते ठाऊक असले पाहिजे. वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्याने पालेभाजी एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असे करू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर 'रक्तदाबासाठी चांगले' म्हणून मिळणारे कमी सोडियमचे मीठ स्वतःच्या मनाने सुरू करूच नये, कारण त्यात सोडियमच्या जागी बरेचदा पोटॅशियम असते, आणि ते शरीराबाहेर टाकणे हे आजारी मूत्रपिंडाला जड जाते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षे चालू असेल, तर बी-12 जीवनसत्त्वाची पातळी कधी तपासली ते पाहून यावे. एचबीएवनसी हा मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतो, म्हणून तो रिपोर्ट असला तर आणावा. नव्या तपासण्या मात्र भेटीपूर्वी स्वतःहून करून पैसे घालवू नयेत.

सोबत कोणाला आणावे? घरात जो स्वयंपाक करतो, त्याला. सत्तरीतले गृहस्थ एकटे येतात, मी सांगितलेले कागदावर नीट उतरवून घेतात, आणि तो कागद सूनबाईंपर्यंत पोचतो तेव्हा त्याचा हुकूम झालेला असतो. तिच्या चुलीवर कोणासाठी काय वेगळे शिजू शकते, हे तिच्याशी बोलूनच ठरवावे लागते. फोडणीचे तेल कमी करणे जमते. एका माणसासाठी रोज वेगळी भाजी करणे दोन आठवड्यांपलीकडे टिकलेले मी पाहिलेले नाही.

वेळ घेताना फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : पहिल्या भेटीला किती वेळ दिला जातो आणि पुढच्या भेटींची फी वेगळी आहे का. आणि रक्त द्यायचे नसेल, तर उपाशीपोटी येण्याचे काही कारण नाही. मधुमेहाची गोळी घेऊन, पण तपासणीच असेल या समजुतीने नाश्ता न करता आलेले एक गृहस्थ माझ्या दाराबाहेरच्या बाकावरच घामाघूम झाले होते, आणि आहाराचा सल्ला घ्यायला आलेल्या त्या माणसाला मी सर्वांत आधी दिले ते साखर घातलेले पाणी.