सरकारला थांबवणारा हक्क

पडद्यावर दिसते आहे ती मुंबई उच्च न्यायालयाची काळ्या दगडातली इमारत. १९७५ मध्ये, आणीबाणी सुरू असताना, शहरातल्या काही वकिलांनी बंदिस्त सभागृहात सभा घ्यायचे ठरवले आणि पोलिसांनी परवानगी नाकारली. सभेचा विषय होता राज्यघटनेतील नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य. वकिलांनी याच न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने पोलिसांचा आदेश रद्द ठरवला.

या वकिलांना सरकारकडून काहीही नको होते, सभागृहाचे भाडेसुद्धा नाही. सरकारने मध्ये येऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नागरी स्वातंत्र्याचा गाभा हाच आहे. शिक्षणाच्या हक्काचे तसे नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा मिळायची तर सरकारला पैसा खर्च करावा लागतो, शिक्षक नेमावे लागतात. तिथे सरकार नुसते बाजूला उभे राहिले, तर तो हक्क कागदावरच राहतो. मतदानाच्या हक्काने सत्तेवर कोण बसणार हे ठरते, पण बसलेल्याने कशाला हात लावू नये हे ठरत नाही. मराठीत आपण या सगळ्यांना सरसकट ‘हक्क’ म्हणतो आणि ‘स्वातंत्र्य’ म्हटले की पंधरा ऑगस्ट डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे हा फरक बोलण्यात सहसा उमटत नाही.

१९७५ मध्ये देश स्वतंत्रच होता, आणि मालमत्तेचा हक्कही तेव्हा मूलभूत हक्कांत मोडत होता. तरीही २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४ (कायद्यापुढे समानता), २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटक व स्थानबद्धतेबाबत संरक्षण) यांच्या आधारे न्यायालयात जाण्याची वाट बंद केली. ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली खटल्याविना स्थानबद्ध झालेल्यांचे अर्ज ऐकता येतात, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तरी दाद मागता येणार नाही का, असे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी सरकारची बाजू मांडणारे महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले, तेव्हा आणीबाणी असेतोवर नाही, असे उत्तर मिळाले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. विरोधी मत एकट्या खन्नांचे होते. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोडीत काढला.

त्याआधीच, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हक्कांची फेरमांडणी केली होती, आणि नागरी स्वातंत्र्याचे वेगळेपण तिच्याइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते. तिने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून अनुच्छेद ३०० क मध्ये, साध्या कायदेशीर हक्काच्या जागी, नेऊन ठेवला. आणि जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण देणारा अनुच्छेद २१, गुन्ह्याच्या शिक्षेबाबत संरक्षण देणाऱ्या अनुच्छेद २० सह, आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरवले.

एक काम मात्र अर्धवट राहिले. अनुच्छेद २२ नुसार, गुन्हा सिद्ध होण्याची वाट न पाहता, स्थानबद्धतेची कारणे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अभिप्रायावाचून एखाद्याला तीन महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. ४४ व्या दुरुस्तीने ही मुदत दोन महिन्यांवर आणली होती. पण तो भाग अमलात आणणारी अधिसूचना कोणत्याही सरकारने काढलेली नाही.