पिलानेसबर्ग : विझलेल्या ज्वालामुखीच्या मुळांवरचे रान

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात, जोहान्सबर्गपासून मोटारीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर, सपाट मैदानातून डोंगरांची एक गोल रांग एकाएकी वर येते. जमिनीवरून तिचा गोलपणा नीट लक्षात येत नाही. उपग्रहाच्या छायाचित्रात मात्र एकात एक बसवलेली डोंगरांची कडी, त्यांच्यामधल्या वळणदार दऱ्या आणि मधोमध मांक्वे तलावाचे पाणी स्पष्ट दिसते. सुमारे 25 किलोमीटर व्यासाचा हा डोंगरसमूह म्हणजे पिलानेसबर्ग राष्ट्रीय उद्यान. त्याच्या दक्षिण सीमेवर, कुंपणाच्या आतल्या बाजूस, बाकुबुंग लॉज आहे. लॉजच्या पुढ्यात पाणवठा आहे आणि पाणवठ्यापलीकडे गवताळ दरी व झाडीने भरलेले उतार पसरलेले आहेत. येथे येणाऱ्या बहुतेकांची नजर त्या पाणवठ्यावर हत्ती किंवा गेंडा कधी येईल याकडे लागलेली असते आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु हत्ती कोणत्या दरीत चरेल आणि जिराफ कोणत्या उतारावर मान उंचावेल, हे येथील खडकाने फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे, म्हणून सुरुवात खडकापासून करणे योग्य ठरेल.

सुमारे 205 कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशाच्या भूकवचात शिलारसाचा प्रचंड साठा घुसला आणि थरांथरांनी थिजत गेला. त्यालाच भूशास्त्रात बुशवेल्ड संकुल म्हणतात. जगातील प्लॅटिनम आणि क्रोमियमचे सर्वांत मोठे ज्ञात साठे याच थरांमध्ये असून, पिलानेसबर्गच्या पायथ्यापासून थोड्याच अंतरावर त्यांच्या खाणी आजही चालू आहेत. या जुन्या थरांना भेदून, सुमारे 130 कोटी वर्षांपूर्वी, येथे ज्वालामुखी निर्माण झाला. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आहे, हे लक्षात घेतले की या काळाचा थोडासा अंदाज येतो.

आपण ज्वालामुखीच्या मुखात उभे आहोत, असे येथे पुष्कळांना वाटते, पण ते खरे नाही. मुख आणि त्याभोवतीचा शंकू कधीच झिजून वाहून गेला. आज दिसतात ती त्या ज्वालामुखीची मुळे, म्हणजे खोल जमिनीत वर्तुळाकार भेगांमधून चढलेला आणि तेथेच सावकाश थंड झालेला शिलारस. त्यातले कठीण खडक डोंगर होऊन उरले आणि जे लवकर झिजले त्यांच्या जागी वळणदार दऱ्या तयार झाल्या. सावकाश थंड झाल्यामुळे या खडकातले स्फटिक मोठे आहेत. अशा खडकांपैकी फोयाइट नावाच्या खडकाचा ताजा फुटलेला एखादा तुकडा हातात घेतला, तर फेल्डस्पार या खनिजाच्या फिकट चपट्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या गडद हिरव्या खनिजाच्या बारीक सुया नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. सोडियम आणि पोटॅशियमने समृद्ध असा हा खडक जगात मोजक्याच ठिकाणी एवढ्या विस्ताराने आढळतो.

हवामानाचे चक्र आपल्या उलट चालते. येथे पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि तो उन्हाळा ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत येतो. दुपारी ढग जमतात, विजा कडाडतात आणि संध्याकाळच्या सुमारास जोरदार सर कोसळते. वर्षाकाठी साधारण 600 ते 650 मिलिमीटर पाऊस पडतो, पण एखादे वर्ष कोरडेही जाते. जून-जुलैत, जेव्हा कोकणात पावसाची झड लागलेली असते, तेव्हा येथे आभाळ निरभ्र असते, गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि पहाटे दरीच्या तळाशी दहिवर गोठलेले असते. थंड हवा जड असल्याने ती रात्री उतारावरून घरंगळत खाली साचते. त्या कडाक्याने कोवळी रोपे करपतात, तर डोंगराचा मधला भाग त्या मानाने उबदार राहतो. दऱ्यांचे तळ मोकळे आणि उतार दाट झाडीचे असण्यामागे हे एक कारण आहे. दुसरे कारण माणसाचे आहे. 1979 मध्ये उद्यान स्थापन होण्यापूर्वी या दऱ्यांत शेती आणि गुरेचराई होती. उद्यानासाठी बाकगातला समाजातील कुटुंबांना येथून हलवण्यात आले, आणि आज ज्या गवतात झेब्रे चरतात त्यातले काही पट्टे त्यांची जुनी शेते आहेत. हे सांगितल्याशिवाय येथील निसर्गाचे वर्णन पूर्ण होत नाही, असे आम्हाला वाटते.

वनस्पतींच्या दृष्टीने हे स्थान दोन प्रदेशांच्या सांध्यावर आहे. पश्चिमेकडून कालाहारीचे कोरडे काटेरी रान आणि पूर्वेकडून अधिक ओलाव्याचे बुशवेल्ड, म्हणजे झाडी आणि गवताचे मिश्र रान, येथे एकमेकांत मिसळतात. त्यातही उताराची दिशा महत्त्वाची ठरते. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून तापतो, त्यामुळे उत्तराभिमुख उतार रखरखीत असतात आणि तेथे रेड बुशविलोसारखी काटक झाडे वाढतात. सावलीतल्या दक्षिण उतारांवर ओल टिकून राहते आणि झाडोरा निराळाच दिसतो. बुशविलो हा आपल्या ऐन, हिरडा आणि बेहडा यांच्याच कुळातला वृक्ष आहे, आणि त्याच्या फळाला असलेले चार कागदी पंख पाहिले की ऐनाच्या पंखधारी फळाची आठवण होते. मारुला हा येथला दुसरा वृक्ष आंब्याच्या कुळातला आहे. त्याची फळे हिरवी असतानाच गळून पडतात आणि जमिनीवर पिकून पिवळी होतात. बफेलो थॉर्न हे बोरीचे भावंड असून, त्याच्या फांदीवर प्रत्येक पेऱ्याला दोन काटे असतात. त्यांतला एक सरळ पुढे रोखलेला आणि दुसरा मागे वळलेला असतो, त्यामुळे त्यात अडकलेले कापड ना पुढे निघते, ना मागे.

खडकाळ टेकड्यांवर, मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला, रेड बलून ट्री हा रिठ्याच्या कुळातला दुर्मीळ छोटा वृक्ष आढळतो. त्याची फळे लालसर, फुगीर आणि पातळ आवरणाची असून आत काळ्या, चकचकीत बिया असतात.

डोंगराबाहेर, बुशवेल्ड संकुलाच्या खडकांवर, जमीन पूर्ण बदलते. तेथे आपल्या रेगूरसारखी काळी चिकणमाती आहे. ती पावसात फुगते आणि कोरड्या ऋतूत तिला रुंद भेगा पडतात. मुळे तोडणाऱ्या या हालचालीला तोंड देऊन टिकतात ती प्रामुख्याने बाभळीच्या गोतावळ्यातली काटेरी झाडे आणि गवते.

या साऱ्यात आगीची आणि हत्तींचीही भूमिका आहे. हत्ती झाडे ढकलून पाडतात आणि सालही सोलतात. हिवाळ्याच्या अखेरीस वाळलेले गवत सहज पेट घेते, आणि आग कोठे लावायची व कोठे लागू द्यायची नाही, हे उद्यानाचे व्यवस्थापन ठरवते. आग फारच विरळ झाली आणि चराई वाढली की गवताच्या जागी सिकलबुश पसरू लागते. लोंबत्या गुलाबी-पिवळ्या फुलांचे हेच झुडूप दख्खनच्या कोरड्या माळांवरही वाढते. एकदा ते दाटले की त्याखाली गवत उगवत नाही, जाळायला इंधन उरत नाही आणि मग ते हटवण्यासाठी माणसांना कुऱ्हाडी घेऊन रानात उतरावे लागते.