हिरडीच्या कडेला ब्रश

मंडळी, रत्नागिरीकडच्या आमच्या दवाखान्यात येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "डॉक्टर, ब्रश कुठला घेऊ?" प्रश्न रास्त आहे, तरीही आज मी अधिक वेळ ब्रश हिरडीच्या कडेला कसा टेकवावा यावर देणार आहे, कारण दातांवरचा थर, म्हणजे प्लाक, निघतो की राहतो हे मुख्यतः तिथेच ठरते.

प्लाक म्हणजे अन्नाचे उरलेले कण नव्हेत. ती जिवाणूंची चिकट वसाहत असून त्यांनीच तयार केलेल्या बुळबुळीत आवरणामुळे दाताला घट्ट धरून राहते. म्हणून चूळ भरून ती सुटत नाही, घासूनच काढावी लागते. राहू दिली तर लाळेतल्या क्षारांनी तिचे दगडासारखे कडक कीटण बनते आणि कीटणापुढे कोणत्याही ब्रशाचे काही चालत नाही. 1965 साली दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणे बंद करायला लावले, तेव्हा 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्यांना सूज आली, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात ती ओसरली.

आपल्याकडे कडक ब्रशावर फार विश्वास आहे, आणि तो मला खरोखर काळजीत टाकतो. 1938 पर्यंत ब्रशाला डुकराचे राठ केस असत. त्या वर्षी नायलॉनचे तंतू आले आणि तंतूची जाडी व टोक ठरवता येऊ लागले. बारीक, गोल टोकाचा मऊ तंतू वाकून दात आणि हिरडी यांमधल्या खाचेत शिरतो. कडक ब्रश आडवा, जोर लावून फिरवला की दाताचा फुगीर भाग चकचकीत होतो, कडेचा थर मात्र तसाच राहतो, आणि कालांतराने दाताची मान, म्हणजे हिरडीलगतचा भाग, झिजून गार कोकम सरबताचा घोटही कळ आणतो.

चार्ल्स बास या अमेरिकी डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत अशी: तंतू हिरडीच्या कडेवर सुमारे 45 अंशांत तिरके टेकवावेत, टोके जागची न हलवता ब्रश अगदी थोडा पुढेमागे थरथरवावा, मग पुढच्या दोन-तीन दातांवर जावे. खालच्या दाढांची जिभेकडची बाजू सर्वांत जास्त चुकते. प्लाक रंगवणारे औषध लावून पाहिले की रंग तिथेच शिल्लक दिसतो. म्हणून सुरुवातच तिथून करावी. दोन मिनिटे पूर्ण द्यावीत.

विजेवरच्या ब्रशाने थोडा अधिक थर निघतो, असे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2014 च्या आढाव्यात दिसले. हाताने नीट घासता येत नसेल अशा वृद्धांना तो मी आवर्जून सुचवतो. परंतु कोणताही ब्रश दोन दातांच्या फटीत पुरता पोचत नाही. रायवळ आंबा चोखल्यावर धागे जिथे अडकतात, नेमकी तीच जागा; तिथे दोरा किंवा फटीचा बारीक ब्रश लागतो.

मशेरीने हे काम होत नाही. ती तंबाखू आहे, बोट त्या कडेपर्यंत पोचत नाही, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच.

रक्त दिसले की अनेक जण तिथे घासायचे सोडून देतात. सोडू नये, मऊ ब्रशाने तीच कड रोज घासावी, आणि दोन आठवड्यांनंतरही रक्त येत राहिले तर तपासून घ्यावे.