केसपेपरवरची पहिली ओळ

प्रेस मशीनमध्ये बोटं जातात. कुणीतरी फडकं गुंडाळतं, सुपरवायझर गाडी काढतो. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" जखमी कळवळत असतो, म्हणून उत्तर सोबतचा माणूस देतो, "पडला." केसपेपरवर तेवढंच उतरतं.

नुकसानभरपाईचा दावा पुष्कळदा इथेच ढिला पडतो. पुढे विमा कंपनी हाच कागद पुढे करते आणि विचारते, पडून बोटं चिरडतात का? बोलण्याच्या स्थितीत असाल तर स्वतः सांगा: किती वाजता, कोणत्या मशीनवर, काय करताना. निघण्याआधी लिहिलेलं वाचा. त्याच दिवशीची दुरुस्ती सहज होते. महिन्याने केलेली बनावट वाटते.

मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. मुदत देशागणिक बदलते, काही ठिकाणी ती दिवसांत मोजतात. मशीनचा फोटोही लगेच काढायला सांगा. सकाळी नसलेला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं मशीनचं संरक्षक झाकण, दुपारच्या शिफ्टला बसवलेला दिसतो. ठेकेदाराकडे असाल तर हजेरी आणि पगाराचे पुरावे आधी जपा, कारण "हा आमचा माणूसच नाही" हे उत्तर ठरलेलं.

"चूक तुझीच" म्हटलं म्हणून गप्प बसू नका. जर्मनीने 1884 मध्ये कामगारांचा अपघात विमा आणला, आणि मालकाचा दोष सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. अपघात कामामुळे झाला, एवढं दाखवणं पुरे. बहुतेक देशांत आज हेच तत्त्व आहे. नशेत असणं किंवा मुद्दाम इजा करून घेणं मात्र दाव्याच्या आड येऊ शकतं.

कायमच्या अपंगत्वाची रक्कम बहुधा पगार आणि अपंगत्वाच्या टक्केवारीवर ठरते. टक्केवारीची घाई नको. टाके निघाले म्हणजे बोट बरं झालं असं नाही. सांधा आखडलाय, मूठ वळत नाही, हे पुष्कळदा व्यायाम सुरू झाल्यावरच कळतं. नेमकी त्याआधीच 'सगळं मिटलं' असा कागद सहीला येतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1964 च्या 121 क्रमांकाच्या करारात कृत्रिम अवयव देणं, दुरुस्त ठेवणं आणि गरजेनुसार बदलणं हे उपचारांतच धरलंय. तो अवयव झिजतो, दर काही वर्षांनी नवा लागतो. म्हणून सहीला आलेल्या त्या कागदात आधी रक्कम पाहू नका. पुढच्या उपचारांचा हक्क सोडल्याची ओळ शोधा. ती बहुधा शेवटच्या पानावर, सहीच्या जरा वर असते.