कातड्यातला दमसास

(डहाणूजवळचा वारली पाडा. भातकापणी उरकलेली. अंधारात तारप्याचा सूर.)

तारपा एकदा सुरू झाला की मध्ये थांबत नाही. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा मधोमध, भोवती नाचणाऱ्यांचा वेटोळा फेर. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंच्या चित्रांतला हाच तो फेर.

आता वाजवणाऱ्याचे गाल बघा. गालांत हवा धरून ठेवतो आणि तेवढ्यात नाकाने श्वास ओढून घेतो. सगळं कसब त्या क्षणात आहे.

गालांचं हेच काम कातड्याच्या पिशवीवर सोपवलं, की झाला बॅगपाइप.

(पिशवी, कोपर, नळ्या जवळून.)

फुंकून पिशवी भरायची आणि कोपराने दाबत राहायचं. वाजवणाऱ्याने श्वास घेतला तरी पिशवीत दम शिल्लक असतो. एका नळीवर बोटं चालतात. खांद्यावरच्या नळ्या एकच स्वर धरून राहतात, जसा आपल्या देवळात सनईच्या मागे सूर धरणारा बसतो.

स्कॉटलंडच्या पाइपची एक अडचण मला फार भावते. सूर थांबवता येत नाही, म्हणून तोच स्वर लागोपाठ दोनदा वाजवणं अशक्य. मग मध्ये दुसऱ्या स्वराचा निमिषभराचा कण टाकायचा. आवाजही कमीजास्त करता येत नाही. सगळा भाव बोटांच्या त्या कणांतच भरायचा.

पण हे वाद्य एकट्या स्कॉटलंडचं नव्हे. सत्तेवर टिकलो तर ते वाजवून दाखवीन, असा नवस रोमचा सम्राट नीरोने केल्याचं रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहून ठेवलंय. बल्गेरियात ती गायदा, स्पेनच्या गॅलिसियात गायता. आयर्लंडच्या इलन पाइपला तर फुंकावंच लागत नाही. लोहाराच्या भात्यासारखा छोटा भाता काखेत धरून बसून वाजवतात. 2018 मध्ये युनेस्कोने ही कला आपल्या वारसा यादीत घेतली.

स्कॉटलंडमध्ये मात्र त्यासाठी जीव गेला. ब्रिटनच्या राजाविरुद्धच्या 1745 च्या बंडातला पाइपवाला जेम्स रीड म्हणाला, माझ्या हातात शस्त्र नव्हतं. न्यायालयाने त्याचा पाइपच युद्धाचं हत्यार ठरवला आणि 1746 मध्ये यॉर्कला त्याला फाशी झाली.

ब्रिटिश पलटणींबरोबर पाइप इकडे आला. आपल्या सैन्यात तो अजून वाजतो. गढवालच्या लग्नांत त्याला मशकबीन म्हणतात. मशक म्हणजे आपली पखालच.

(डहाणूचा किनारा, संध्याकाळ.)

या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आत शिरलं की इराणचं बुशेहर लागतं. तिथल्या दर्यावर्दींचं वाद्य नेय-अंबान. नेय म्हणजे नळी, अंबान म्हणजे कातड्याची पिशवी. स्थिर सूर धरणारी नळी त्याला नाही. दोन नळ्या शेजारी बांधलेल्या असतात, आणि एकेक बोट एका वेळी दोन्ही नळ्यांची भोकं झाकतं. दोघींच्या सुरांत केसभर फरक राहतो, त्यानेच तो आवाज थरथरतो.